वकील राष्ट्रपती झाला की काय होतं? राजेंद्रबाबू आणि कलम ७४ मधली फट

ओसरी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबलाय, आधीच माफी मागतो.

वकिलीच्या पहिल्या वर्षी सीनिअरनी माझ्या हातात एक जुनं वाटणीपत्र दिलं होतं. दोन सख्खे भाऊ, जमीन निम्मी निम्मी, विहीर सामाईक आणि पाण्याच्या पाळ्या "सोयीप्रमाणे". लिहिणाऱ्याला वाटलं असणार की भाऊ भाऊ आहेत, बघून घेतील. आणि भाऊ होते तोवर घेतलंही बघून. पोरांच्या काळात त्या एका शब्दावर अकरा वर्षं दावा चालला. मी बोर्डावर तारीख बघायला जायचो तेव्हा दोन्हीकडचे चुलतभाऊ एकाच बाकावर बसून एकाच पुडीतली तंबाखू मळत असायचे, आणि पुकारा झाला की दोन बाजूंना उभे.

तर हा "सोयीप्रमाणे" आपल्या राज्यघटनेत पण होता, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीपर्यंत. मूळ कलम ७४ मध्ये एवढंच म्हटलंय की राष्ट्रपतीला साहाय्य करायला आणि सल्ला द्यायला पंतप्रधानाच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला राष्ट्रपतीने ऐकलाच पाहिजे का? लिहिलेलं नाही. इंग्लंडात राजा ऐकतो, इथेही ऐकतील, असं गृहीत धरलं. गंमत अशी की ज्या सभेने हे असं सोडलं त्या सभेच्या अध्यक्षपदी जो माणूस होता तोच पुढे पहिला राष्ट्रपती झाला, आणि तो होता हाडाचा वकील. राजेंद्रबाबू, म्हणजे डॉ. राजेंद्र प्रसाद.

आपल्याकडे राजेंद्रबाबू म्हटलं की शाळेच्या भिंतीवरचा फोटो, गांधी टोपी, भरघोस मिशा, साधी राहणी, विषय संपला. आणि तो परीक्षकाचा शेरा, "परीक्षार्थी परीक्षकापेक्षा हुशार". तो फॉरवर्ड सगळ्यांनी वाचलाय, इथे नको. मला त्यांच्यातल्या वकिलाबद्दल बोलायचंय.

जन्म ३ डिसेंबर १८८४, जिरादेई, तेव्हाचा सारण जिल्हा आणि आताचा सिवान. घरी जमीनदारी, लहानपणी मौलवींकडे फारसी, मग छपऱ्याची जिल्हा शाळा. १९०२ ला कलकत्ता विद्यापीठाच्या एंट्रन्सला पहिले आले, महिना ३० रुपये स्कॉलरशिप. प्रेसिडेन्सी कॉलेज, अर्थशास्त्रात एम.ए., थोडे दिवस मुझफ्फरपूरच्या कॉलेजात मास्तरकी, मग कायदा. १९११ पासून कलकत्ता हायकोर्टात वकिली, १९१५ ला कायद्याची मास्टर्स डिग्री सुवर्णपदकासकट, आणि १९१६ ला पाटण्याला वेगळं हायकोर्ट झाल्यावर तिकडे. चार वर्षांत जोरात चाललेली प्रॅक्टिस, आणि १९२० च्या असहकारात ती सोडून दिली.

सोडली म्हणजे तरी काय, एका जुन्या अशिलाला शब्द दिला होता म्हणून त्याच्या केससाठी १९२८ ला थेट इंग्लंडला जाऊन आले. हा माणूस असा होता. सनद बाजूला ठेवली, वकीलपत्र नाही.

९ डिसेंबर १९४६ ला घटना समितीची पहिली बैठक, तात्पुरते अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा (तेही बिहारचे, तेही वकीलच), ११ डिसेंबरला राजेंद्रबाबू कायमचे अध्यक्ष. पुढची जवळपास तीन वर्षं ते त्या खुर्चीत बसून एकेक कलम पास होताना बघत होते. १९४९ मध्ये चर्चा चालू असताना खुर्चीतूनच त्यांनी आंबेडकरांना विचारलं होतं, की राष्ट्रपतीने मंत्र्यांचा सल्ला मानलाच पाहिजे अशी तरतूद मसुद्यात कुठे आहे? त्यासाठी राष्ट्रपतीला सूचना देणारं एक परिशिष्ट घालायचं चाललं होतं, तेही शेवटी गाळलं. आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला, घटना स्वीकारायच्या दिवशी, समारोपाच्या भाषणात त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, की असं बंधन घटनेत स्पष्ट लिहिलेलं नाही पण इंग्लंडातला प्रघात इथेही रुजेल अशी आशा आहे.

दोन महिन्यांनी तेच राष्ट्रपती. आणि मग १२ वर्षं हा एकच प्रश्न फिरून फिरून विचारत राहिले. १९५१ ला विचारला, १९६० ला परत विचारला. पण, आणि इथे माझा मुद्दा आहे, मंत्रिमंडळाचा सल्ला झुगारून एकही सही त्यांनी अडवली नाही. लोक याला दोन प्रकारे वाचतात. एक, नेहरूंना घाबरले. दोन, प्रतिगामी होते, चान्स मिळाला नाही म्हणून गप्प बसले. मला दोन्ही पटत नाही. मला वाटतं हा माणूस दस्तातली फट दाखवत होता. फट दाखवणं वेगळं आणि फटीतून घुसणं वेगळं.

बोला.

गंपू

पहिला नंबर माझा. वाचतोय, सावकाश. तंबाखूवाले चुलतभाऊ आवडले.

शर्वरी_

ओसरी, लेख छान पण तुम्ही मधला भाग सफाईने गाळलात. १९५१ ला प्रश्न कशावरून विचारला ते सांगा की. हिंदू कोड बिलावरून! बायकांना घटस्फोट आणि वारसाहक्क मिळणार म्हटल्यावर वकीलसाहेबांना अचानक कलम ७४ आठवलं. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना लिहून कळवलं की या बिलावर मी माझ्या बुद्धीने निर्णय घेऊ इच्छितो, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने नाही. त्याच महिन्यात बिल बारगळलं आणि आंबेडकरांनी राजीनामा दिला. बिल बारगळायला कारणं बरीच होती हे मान्य, पण राष्ट्रभवनातून असं पत्र येतं तेव्हा वजन कुठल्या पारड्यात पडतं ते कळतं ना आपल्याला. फट दाखवत होते म्हणे.

शर्वरी_

राष्ट्रपती भवन. टायपो.

काळाकोट

शर्वरीताई, गरम होऊ नका, त्यांचा युक्तिवाद काय होता तो तरी बघा. ते म्हणत होते की ही हंगामी संसद आहे, प्रौढ मतदानाने निवडून आलेली नाही, सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आलीय, तर समाजाच्या मुळाला हात घालणारा कायदा नव्या संसदेने करावा. मत पटो न पटो, मुद्दा कायदेशीर आहे. नेहरूंनीही तो कायद्यानेच हाताळला हे जास्त महत्त्वाचं. अॅटर्नी जनरल सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर या दोघांचं मत मागवलं, दोघांनी स्वच्छ सांगितलं की राष्ट्रपती सल्ल्याने बांधील आहे. राजेंद्रबाबूंनी विषय सोडला. दोन दिग्गजांचं लेखी मत विरुद्ध गेल्यावर चांगला वकील काय करतो? तारीख मागत बसत नाही.

शर्वरी_

हंगामी संसदेचा मुद्दा सेम संसदेने केलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीला पण लागू होता ना? जून १९५१.

काळाकोट

हो, आणि तिथेही त्यांनी नाखुषी कळवलीच होती. म्हणजे निदान सातत्य होतं, बिल बायकांचं होतं म्हणूनच बोलले असं नाही.

ओसरी

शर्वरीताई, गाळलं नाही, प्रतिसादात येणारच होतं, पण ठीक आहे, पकडलंत. पुढचं पण धरा की. नवी संसद आली, तेच कोड तुकड्या तुकड्यांनी आलं. हिंदू विवाह कायदा मे १९५५, वारसा कायदा जून १९५६, मग अज्ञान-पालकत्व आणि दत्तक-पोटगी त्याच वर्षी. चारही कायद्यांवर सही कोणाची? मनातून त्यांना ते आवडत नव्हतेच, हे मी लपवत नाही. माणूस जुन्या वळणाचा होता, काशीला ब्राह्मणांचे पाय धुतले म्हणून लोहियांनी त्यांना धू धू धुतलंय. पण सही केली.

त्याआधीचं बिहार जमीन सुधारणा विधेयक घ्या, १९५० सालचं. इथे तर स्वतःच्या वर्गाचा प्रश्न, जमीनदारी जाणार, आणि प्रांत स्वतःचा. शंका काढल्या, मंत्रिमंडळाने आग्रह धरला, सप्टेंबरात सही झाली. पुढे पाटणा हायकोर्टाने तोच कायदा रद्द केला आणि त्यातूनच पहिली घटनादुरुस्ती आणि असे जमीन कायदे कोर्टापासून वाचवणारं नववं परिशिष्ट आलं. म्हणजे त्यांनी काढलेल्या शंका अगदीच हवेतल्या नव्हत्या.

रिकामटेकडा७

पण मग नुसता शिक्काच ना? महिना दहा हजार पगार (घटनेतच लिहिलाय), ३४० खोल्यांचं घर, आणि काम काय तर शंका काढून सही करणे. हे काम आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी फुकटात करतो, शंका जास्त काढतो आणि सही पण करत नाही.

गंपू

रिकामटेकडा, =)) =))

बाय द वे पगार पूर्ण घेत नव्हते ते, निम्म्याहून कमी घ्यायचे असं वाचलंय.

माजी मास्तर

ओसरीराव, पुण्याचा धागा राहिला. १९१० साली गोखले कलकत्त्याला गेले असताना त्यांनी या हुशार पोराला बोलावून घेतलं आणि विचारलं, पुण्यात माझ्या भारत सेवक समाजात येशील का? तेव्हा राजेंद्रबाबू कायदा शिकत होते. गोखल्यांचं म्हणणं असं, की वकिलीत पैसा मिळेल, नाव मिळेल, पण देशाचाही काही पोरांवर हक्क असतो. पोरगा बरेच दिवस अस्वस्थ. समोर सांगायची हिंमत होईना म्हणून थोरल्या भावाला, महेंद्रप्रसादांना, लांबलचक पत्र लिहिलं, एकाच छपराखाली राहत असून. भाऊ रडले. मग जाणं रद्द झालं.

विचार करा, गेले असते तर फर्ग्युसनच्या टेकडीखाली समाजाच्या वास्तूत राहिले असते, मराठी बोलायला शिकले असते आणि आपण त्यांना कदाचित "प्रसादशास्त्री" म्हणालो असतो.

आणि जे गोखल्यांना जमलं नाही ते त्यांच्याच शिष्याने, गांधींनी, सात वर्षांनी केलं. चंपारण.

पिंपळपान

मास्तर, चंपारण काढलंत तर पाटण्याच्या घरातला किस्सा सांगायलाच हवा. एप्रिल १९१७. चंपारणचे शेतकरी राजकुमार शुक्ल गांधींना घेऊन पाटण्याला राजेंद्रबाबूंच्या बंगल्यावर आले. मालक पुरीला गेलेले. घरात नोकर. आता हा कोण काठियावाडी माणूस, जात काय, कोणाला माहीत? विहिरीवर नोकर पाणी काढत असताना याने पोहरा घालायचा नाही, थेंब उडाले तर विटाळ. शुक्लांनी आतला संडास दाखवला तर नोकराने लगेच बाहेरचा दाखवला. गांधींनी हे आत्मकथेत लिहिलंय आणि राग अजिबात नाही, उलट म्हणतात की नोकर आपलं काम चोख करत होते, मालकाची मर्जी सांभाळत होते.

नंतर चंपारणात हे सगळे बिहारी वकील जमले, ब्रजकिशोरबाबू, राजेंद्रबाबू वगैरे. फीचे आकडे ऐकून गांधी चाट पडले, हजाराच्या खाली बोलणं नाही. आणि प्रत्येकाचा स्वतंत्र नोकर, स्वतंत्र स्वयंपाकी, स्वतंत्र चूल, जेवण रात्री बारा वाजता. गांधींनी त्यांची भरपूर चेष्टा केली, मग हळूहळू नोकर गेले, एकच स्वयंपाकघर झालं, साधं जेवण, ठरलेली वेळ. राष्ट्रपती भवनातली साधी राहणी शाळेच्या पुस्तकात येते, ती सुरू इथून झाली. आधी तो मोठा वकील होता, चूल वेगळी असलेला.

काळाकोट

पिंपळपान, आणि काम काय दिलं ते सांगा! गांधींनी सांगितलं की तुमचं कायद्याचं ज्ञान मला फारसं नको, मला कारकून आणि दुभाषे हवेत, आणि तुरुंगात जायची तयारी हवी. हजाराची फी घेणाऱ्या माणसाला कारकून! हे लोक रोज बसून रयतेचे जबाब लिहायचे, तीनकठिया म्हणजे जमिनीच्या वीस कठ्ठ्यांमागे (कठ्ठा म्हणजे तिकडचं जमिनीचं माप) तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती, त्याखालचे सगळे जुलूम, हजारो जबाब. प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायची, खोटं वाटलं तर कागद बाजूला. समोर पोलीस बसलेला असायचा, त्याच्या देखत. म्हणून ते कागद चौकशी समितीपुढे टिकले. १९१८ ला चंपारणचा कायदा झाला, तीनकठिया गेली.

आमच्या धंद्यात भाषणापेक्षा जबाब नीट लिहिणारा माणूस मिळणं मुश्किल असतं, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

तिरका डोळा

सगळं गोड गोड चाललंय. मी विरुद्ध बाजू घेतो. सोमनाथच्या मंदिराची प्राणप्रतिष्ठा. मे १९५१, नेहरू नको म्हणत होते, तरी गेले. वैयक्तिक श्रद्धा म्हणून गेले की राष्ट्रपती म्हणून? तेव्हाचे मंत्री क. मा. मुन्शी यांनी लिहिलंय की राजेंद्रबाबू म्हणाले, मशिदीचं किंवा चर्चचं बोलावणं आलं तरी जाईन. बरं. पण सल्ला मानायचा प्रघात रुजावा अशी आशा १९४९ ला व्यक्त करणाऱ्याने दीड वर्षात स्वतःच प्रघात मोडायचा?

काळाकोट

नेहरूंनी दिलेलं मत हे कलम ७४ खालचा सल्ला होतं का? मंत्रिमंडळाचा ठराव नव्हता. पंतप्रधानाने व्यक्त केलेली नापसंती होती. फरक आहे.

तिरका डोळा

झालं! वकील तो वकीलच. पत्र निळ्या शाईत होतं की काळ्या, तेही बघा आता.

काळाकोट

शाई बघतातच हो कोर्टात.

सहज

मला एक कळत नाही. नंतर पण वकील राष्ट्रपती झालेच ना? फक्रुद्दीन अली अहमद बॅरिस्टर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा कागद आला, मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी पहाटे झाली, आणि यांनी सही केली. तिथे कुठे गेली कलमं वाचायची सवय? तेव्हा ४२ वी दुरुस्ती पण नव्हती, म्हणजे ओसरी म्हणतात ती फट उघडीच होती.

उलट अडवाअडवी केली ग्यानी झैलसिंगांनी, जे वकील नाहीत. पोस्टाचं विधेयक, १९८६. पत्रं उघडून वाचायचा अधिकार सरकारला. ग्यानीजींनी ना होकार दिला ना परत पाठवलं, नुसतं ठेवून दिलं. कारण कलम १११ मध्ये किती दिवसांत सही करा ते लिहिलेलंच नाही. आता सांगा फट कोणाला जास्त कळली.

माजी मास्तर

सहज, शंभर पैकी शंभर. मात्र वेंकटरामन वकील होते आणि त्यांनी १९९० ला तेच पोस्टाचं विधेयक फेरविचाराला परत पाठवलं, रीतसर. दोन स्वभाव. एकाने उशीखाली ठेवलं, दुसऱ्याने शेरा मारून परत केलं.

शर्वरी_

आपल्या प्रतिभाताई पण वकील. जळगावच्या कोर्टात प्रॅक्टिस केलेली, तिथूनच आमदारकी. त्यांच्याबद्दल वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे काढला तर दंगा होईल.

गंपू

पॉपकॉर्न आणलेलं वाया गेलं.

ओसरी

सहज यांचा मुद्दा नाकारता येत नाही. वकील असणं म्हणजे कणा असणं नाही, मान्य. पण राजेंद्रबाबूंनी नकाराधिकार वापरलाय बरं का, एकदा. १९५४, पेप्सूचं विनियोजन विधेयक. पतियाळा आणि पूर्व पंजाबच्या संस्थानांचा तो संघ, तिथे राष्ट्रपती राजवट होती म्हणून त्यांचं बजेट संसदेने मंजूर केलं. कागद सहीला येईपर्यंत राजवट उठली. म्हणजे ज्या अधिकाराखाली संसदेने ते केलं तो अधिकारच संपला. संमती रोखली, तीही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच. किती रुक्ष केस! पण पहिला पूर्ण नकार हा असा आला, भांडणातून नाही, अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. मला तर वाचून फार बरं वाटलं (बायको म्हणते तुला कशानेही बरं वाटतं).

आता १९६०. दिल्लीला सुप्रीम कोर्टासमोर इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या इमारतीचा समारंभ, २८ नोव्हेंबर. अशा ठिकाणी राष्ट्रपतीने काय बोलायचं असतं? कायद्याचं महत्त्व, तरुण वकिलांना शुभेच्छा, चहा. हे उभे राहिले आणि म्हणाले की आपला राष्ट्रपती आणि इंग्लंडचा राजा यांचे अधिकार खरंच सारखे आहेत का, याचा अभ्यास तुम्ही मंडळींनी करा. राजा वंशाने येतो, राष्ट्रपती निवडून येतो, त्याच्यावर महाभियोग चालतो, मग प्रघात तोच कसा? पेपरांत गदारोळ. नेहरूंनी नंतर पत्रकार परिषदेत विषय हलकेच झटकून टाकला.

तिरका डोळा

पण १९५५ ला सुप्रीम कोर्टाने राम जवाया कपूर केसमध्ये सांगितलं होतं ना की राष्ट्रपती औपचारिक प्रमुख आहे म्हणून? मग १९६० ला परत तेच उकरायचं काय कारण? सुप्रीम कोर्टाचा निकाल लागल्यावर चांगला वकील काय करतो, असं काळाकोट यांनाच विचारतो.

काळाकोट

सापडलो. :)

पण सांगतो. ती केस शाळेच्या पुस्तकांच्या धंद्यावरची होती, पंजाब सरकार स्वतः पुस्तकं छापू शकतं का. राष्ट्रपतीबद्दलचं वाक्य त्यात ओघात आलंय. राष्ट्रपती आणि राज्यपाल सल्ल्यानेच चालतील हे सात न्यायमूर्तींनी समोरासमोर ठरवलं ते शमशेर सिंग केसमध्ये, १९७४ ला. आणि तरीही १९७६ ला ४२ व्या दुरुस्तीने कलमातच लिहावं लागलं की राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागेल. ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचाराला पाठवायची मुभा दिली, एकदाच. जे एवढं उघड होतं ते २६ वर्षांनी लिहायची गरज का पडली? म्हणजे म्हाताऱ्याचा प्रश्न बरोबर होता. उत्तर त्याला हवं तसं आलं नाही, ते सोडा.

रिकामटेकडा७

काका लोक, एक बाळबोध शंका. नेहरूंना हे आधीपासून नकोच होते ना? मग झाले कसे?

माजी मास्तर

नेहरूंना राजाजी (राजगोपालाचारी) हवे होते, गव्हर्नर जनरल होतेच, नुसतं नाव बदलायचं. सप्टेंबर १९४९ ला तसं राजेंद्रबाबूंना पत्रही लिहिलं आणि त्यात वल्लभभाईंचं नाव ओवलं, जे वल्लभभाईंना विचारून केलेलं नव्हतं. राजेंद्रबाबू दुखावले. काँग्रेसच्या खासदारांचं मन मात्र त्यांच्याकडे, कारण १९४२ ला 'चले जाव'च्या वेळी राजाजी वेगळ्या वाटेने गेले होते ते कोणी विसरलं नव्हतं. २४ जानेवारी १९५० ला बिनविरोध. राजाजीही सेलमचे वकील, म्हणजे दोन्हीकडून वकीलच मिळणार होता.

१९५२ ला निवडणूक झाली, समोर मुंबईचे प्रा. के. टी. शहा. ५,०७,४०० विरुद्ध ९२,८२७ मतमूल्य. शहांचा मजा बघा, घटना समितीत ते राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा असं सांगत होते. तिथे हरले आणि मग त्याच अप्रत्यक्ष पद्धतीत उभे राहून परत हरले. १९५७ ला नेहरूंच्या मनात राधाकृष्णन होते, तरी राजेंद्रबाबूच. दोन टर्म आजवर दुसऱ्या कोणाला मिळाल्या नाहीत.

पिंपळपान

बिहारच्या भूकंपाचं कोणीच बोललं नाही. १५ जानेवारी १९३४. राजेंद्रबाबू कैदेत, दम्याने आजारी, दोन दिवसांनी सुटले आणि तसेच कामाला लागले. ३८ लाखांवर निधी जमवला, व्हाइसरॉयच्या फंडाच्या जवळपास तिप्पट. त्याच वर्षी काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाचं अध्यक्षपद. लोकांचा विश्वास हिशोब नीट ठेवणाऱ्यावर बसतो आणि तिथे वकिली कामाला आली असणार.

सहज

२६ जानेवारी १९६० चा प्रसंग आठवतो. आदल्या रात्री मोठी बहीण भगवतीदेवी गेली. लहान वयात विधवा होऊन माहेरी आलेली, आयुष्यभर भावाकडे. सकाळी संचलन. हे उठले, तयार झाले, मानवंदना घेतली, सगळं संपेपर्यंत उभे, परत आले आणि मग अंत्यसंस्काराला गेले. मी तर आजोबांकडून ऐकलं होतं, तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

शर्वरी_

हे मला माहीत नव्हतं.

हिंदू कोडचं माझं मत बदललेलं नाही, तेवढं नोंदवून ठेवते. पण २६ नोव्हेंबरचं ते भाषण काल रात्री पूर्ण वाचलं. दोन खंत सांगितल्यात त्यांनी. कायदा राबवणाऱ्याला आणि कोर्टात मदत करणाऱ्याला मोठमोठ्या पात्रता लागतात आणि कायदा करणाऱ्याला निवडून येण्यापलीकडे काहीच नाही, ही एक. आणि आपली पहिली घटना आपल्या भाषेत नाही, ही दुसरी. पहिल्या खंतीशी मी असहमत, दुसरी थेट लागली. माझ्या आजीच्या वाटणीचा कागद पण इंग्रजीत होता, तिला वाचून दाखवणारा जे म्हणाला ते तिने मान्य केलं.

काळाकोट

ताई, या एका वाक्यावर वेगळा धागा होईल.

ओसरी

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या लेखापेक्षा चांगला झाला.

जाता जाता एक दाखवतो. घटनेच्या मूळ प्रतीचं सह्यांचं पान नेटवर आहे, उघडून बघा. २४ जानेवारी १९५० ला सह्या झाल्या. नेहरूंनी आधी सही केली आणि वर जागाच सोडली नाही. अध्यक्षांची सही पहिली हवी. मग राजेंद्रबाबूंनी मजकुराची शेवटची ओळ आणि नेहरूंची सही यांच्या मधल्या जागेत आपली सही तिरकी करून बसवली. खाली करायची जागा भरपूर होती.

गंपू

उघडलं. झूम केलं. काय बसवलीय!

रिकामटेकडा७

आणि सच्चिदानंद सिन्हा? त्यांची सही दिसत नाही या पानावर. तेच ना पहिले तात्पुरते अध्यक्ष?

माजी मास्तर

ते पाटण्याला आजारी होते. फेब्रुवारीत घटनेची मूळ प्रत विमानाने पाटण्याला नेली, राजेंद्रबाबूंच्या समोर त्यांनी अंथरुणातून सही केली. तीन आठवड्यांनी गेले. राजेंद्रबाबूही १९६२ ला दिल्ली सोडून पाटण्यालाच गेले, सदाकत आश्रमात. २८ फेब्रुवारी १९६३ ला वारले.

गंपू

पान पुढे सरकवतोय, सिन्हांची सही शोधतो. सापडली की टाकतो इथे.